फोटोखाली ‘सातारा’ लिहिलंय, पण जागा काही सापडत नाही

दर महिन्या-दोन महिन्यांनी हीच तक्रार माझ्याकडे येते. कुणाच्या तरी ट्रंकेतून किंवा माळ्यावरून एक कृष्णधवल फोटो निघतो. रस्ता, दोन्ही बाजूंना माडीची घरं, एखादा टांगा, धोतर-टोपीतली माणसं. मागे ‘सातारा’ एवढाच शब्द. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडतो आणि दहा मिनिटांत निकाल लागतो: मोती चौक. दुसरा म्हणतो, छे, देवी चौक. तिसऱ्याला त्यात आजोबांचं दुकान दिसतं. मग एखादा उत्साही माणूस फोटो घेऊन खरोखर तिथं जाऊन उभा राहतो आणि काहीसुद्धा जुळत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात आरेखक होतो. नोकरीभर टेबलावर नगर भूमापनाचे, म्हणजे गावातल्या मिळकतींच्या मोजणीचे (सिटी सर्व्हेचे), नकाशे पसरलेले असायचे, त्यामुळे निवृत्तीनंतर असे फोटो आपसूक माझ्या दारात येऊ लागले. चुका कुठं होतात ते आता पाठ झालंय. तरीही गेल्या दिवाळीत शेजारच्या वहिनींनी आणलेल्या एका फोटोनं मला तीन आठवडे फिरवलं. तोच धरून सांगतो.

त्यांच्या सासऱ्यांच्या अल्बममधला फोटो. काळा जाड कागद, त्यावर खळीनं चिकटवलेला, पोस्टकार्डाहून थोडा लहान. शेजारी बॉलपेननं ‘सातारा, १९५५’. वहिनी म्हणाल्या, “मामंजींचंच अक्षर आहे हो, म्हणजे बरोबरच असणार.” मीही मान डोलावली. पहिली चूक तीच.

साताऱ्यात आधी डोंगर शोधा

साताऱ्याचा फोटो असेल तर घरांकडे बघायच्या आधी अजिंक्यतारा कुठं आहे ते बघा. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे आणि गाव त्याच्या उत्तरेच्या उतारावर पसरलंय. रस्त्याच्या टोकाला किल्ल्याचा लांबट, सपाट माथा दिसत असेल तर फोटो काढणाऱ्याचं तोंड दक्षिणेकडे आहे आणि रस्ता चढाचा असायला हवा. रस्ता खाली उतरत जात असेल तर तोंड उत्तरेकडे, आणि मग किल्ला दिसणार नाही, तो पाठीशी आहे. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणारा राजपथ डोंगराला आडवा गेलाय, म्हणून तो उभ्या बोळांच्या मानानं सपाट दिसतो. त्यावर राजवाड्याकडे तोंड केलं की किल्ला डाव्या हाताला येतो, नाक्याकडे केलं की उजव्या. पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला लांबवर जरंडा. या तीन रेघा डोळ्यांत बसल्या की निम्मे वाद तिथंच मिटतात.

किल्ल्यावर टॉवर दिसत असेल तर फोटोचं वय तुम्ही समजता तेवढं नाही. आणि पोवई नाक्याच्या बाबतीत आजच्या नजरेवर अजिबात विसंबू नका. ग्रेड सेपरेटर (नाक्याखालून जाणारे रस्ते) झाल्यापासून तिथली पातळी अशी बदललीय की लहानपणापासून तिथून जाणारी माणसंसुद्धा जुना फोटो ओळखत नाहीत.

वहिनींच्या फोटोत डोंगर नव्हता आणि रस्त्याला उतारही नव्हता. मी स्वतःची समजूत घातली: म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ता, किल्ला घरांआड गेलाय. राजपथ, खालचा रस्ता, भवानी पेठ, सगळीकडे हिंडलो. रोज संध्याकाळी फोटोची झेरॉक्स हातात घेऊन हा माणूस कुणाच्या माड्या न्याहाळतोय, म्हणून एका दुकानदारानं मला नगरपालिकेचा अतिक्रमणवाला समजून आतून खुर्चीसुद्धा आणून दिली. डोंगर दिसत नाही याचा एक अर्थ ‘घरांआड आहे’ असा होतो, तसा ‘तिथं डोंगरच नाही’ असाही होतो. हे सुचायला तीन आठवडे लागले.

फोटो उलटा नाही ना

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही. काचेची प्लेट किंवा निगेटिव्ह उलट्या बाजूनं ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं, आणि मग जन्मभर शोधलं तरी जागा सापडत नाही. पाटीवरची अक्षरं वाचता येत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर मोटारीचं स्टिअरिंग बघा, ते उजवीकडेच हवं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि बटणांची काजं डावीकडे असतात. किल्ला दिसत असेल तर सावली आणि किल्ला मिळून खरं-खोटं सांगतात.

सावलीच्या बाबतीत एक फसवणूक लक्षात ठेवा. दुपारची सावली उत्तरेला पडते असं आपण धरून चालतो. सातारा-सांगलीच्या अक्षांशावर हे वर्षभर खरं नाही. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, आणि आखूड सावली दक्षिणेला पडते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काढलेले फोटो यात हमखास येतात. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या जास्त भरवशाच्या.

आधी नीट प्रत मिळवा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत कामाची नाही. तो आकार कमी करतो आणि पाटीवरची अक्षरं पहिली जातात. पाठवणाऱ्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ फोटो हातात असेल तर निदान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, फार छोटा असेल तर १२०० ला. आणि मागची बाजूही. पुष्कळ लोक मागची बाजू कोरी आहे असं न बघताच सांगतात.

हल्ली रंगीत केलेले, ‘स्वच्छ’ केलेले फोटो फिरतात त्यांच्यापासून चार हात लांब राहा. यंत्राला जे दिसत नाही ते ते स्वतः भरून काढतं. पाटीवर अक्षरांसारखं काहीतरी उमटतं आणि लोक त्यात दुकानाचं नाव वाचतात. खिडकीचे गज, घराची कौलं, सगळं त्याच्या मनानं. ओळख पटवायला फक्त मूळ.

सांगलीकडच्या घरांत आणखी एक अडचण असते. २००५ आणि २०१९ च्या पुरात भिजलेले फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेले आढळतात. ते ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. चकाकी येत असेल तर बाजूनं उजेड देऊन कॅमेऱ्यानं काढा.

वहिनींचा फोटो मी १२०० ला स्कॅन केला तेव्हा एका दुकानाच्या खांबावर लहानशी पाटी दिसली. आधी झेरॉक्सवर मी ती ‘न. पा.’ वाचली होती आणि नगरपालिकेची काहीतरी सूचना म्हणून सोडून दिली होती. मोठी करून बघितली तर ‘चहा १० न. पै.’

न. पै. म्हणजे नवे पैसे. रुपयाचे शंभर पैसे १ एप्रिल १९५७ पासून झाले, त्याआधी आणे होते. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ ला गळला. म्हणजे फोटो १९५५ चा असूच शकत नव्हता. मामंजींचं अक्षर खरं, पण ते लिहिलं होतं पुष्कळ वर्षांनी, आठवणीवर. वर्ष चुकलं असेल तर गावही का चुकलं नसेल?

अशा खुणा तुमच्याही फोटोत सापडतील. सिनेमाचं पोस्टर वाचता आलं तर त्याहून सोपं काही नाही. पाटीवर पिनकोड असेल, साताऱ्याचा ४१५००१, तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. गाडीला एमएच ११ असेल तर साताऱ्याची नोंद, एमएच १० असेल तर सांगलीची, पण गाडी कुठंही जाते, त्यामुळे त्यावरून गाव ठरवू नका. एस.टी. दिसली तर जून १९४८ च्या आधीचा नाही. मागच्या बाजूला ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा छाप असेल तर तो कागद १९६० नंतरचा, कारण कंपनीच त्या वर्षी निघाली. मात्र कागद नवा आणि निगेटिव्ह जुनी असं होऊ शकतं. लोक जुन्या निगेटिव्हवरून पुन्हा प्रती काढून घेतात.

‘सातारा’ म्हणजे कोणता सातारा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे आणि तो जिल्ह्याच्या हद्दींमुळे झालाय.

१९४९ च्या आधी सातारा जिल्हा खूप मोठा होता. तासगाव, वाळवा-इस्लामपूर, शिराळा, खानापूर-विटा ही सगळी गावं साताऱ्यात होती. त्या काळातल्या फोटोवर ‘जि. सातारा’ असेल तर तो तासगावचाही असू शकतो. खुद्द सांगली आणि मिरज मात्र तेव्हा पटवर्धनांची संस्थानं होती, फलटण निंबाळकरांचं. ती १९४८ मध्ये विलीन झाली. म्हणून ‘सांगली संस्थान’ असं कुठं छापलेलं दिसलं तर फोटो त्याआधीचा. १ ऑगस्ट १९४९ ला जिल्ह्याचे दोन झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. सांगली दक्षिण साताऱ्यात गेली. २१ नोव्हेंबर १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली जिल्हा झालं.

म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं सांगलीत राहणारा माणूस आपल्या पत्त्यात ‘द. सातारा’ लिहायचा. तो ‘द.’ पुसला, फाटला, कापला गेला की उरतो नुसता सातारा. आणि आपण जातो मोती चौकात.

फोटोची मागची बाजू मी पाहिलीच नव्हती, कारण ती काळ्या कागदाला चिकटलेली होती. एक कोपरा मात्र सुटला होता. पाणी लावायचं नाही, वाफ द्यायची नाही. त्या कोपऱ्याखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून तो जरा उचलला आणि टेबललॅम्प अगदी आडवा धरला. फिकट जांभळा शिक्का. मोबाइलवर फोटो काढून कॉम्प्युटरवर त्याचा फक्त हिरवा चॅनल, म्हणजे त्यातला हिरव्या उजेडाचा भाग, पाहिला. जांभळी शाई हिरवा उजेड शोषून घेते, त्यामुळे तिथं ती काळी, ठळक दिसते. वरच्या ओळीतली शेवटची अक्षरं ‘…गली’. खालच्या ओळीत ‘जि. द. सा’ आणि पुढे काळा कागद.

लगेच उड्या मारल्या नाहीत. शिक्का फोटो कुठं धुतला-छापला ते सांगतो, कुठं काढला ते नाही. शिवाय शिक्का झिजेपर्यंत स्टुडिओवाले तोच वापरतात, जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी नवा करत नाहीत. तरी नवे पैसे आणि द. सातारा एकत्र धरले तर एप्रिल १९५७ ते नोव्हेंबर १९६०, पुढे एखादं वर्ष सैल. वहिनींना विचारलं, मामंजी कधी सांगलीला होते का? त्या म्हणाल्या, “अहो, बदली होती ना. माझ्या मोठ्या नणंदबाई सांगलीच्याच.” म्हणजे जन्मानं. तीन आठवडे हे मी विचारलं नव्हतं. अल्बम कुणाचा आणि तो माणूस कुठं कुठं राहिला, हा पहिला प्रश्न असायला हवा होता.

सांगलीत डोंगर नाही, मग काय धरायचं

सांगली सपाट. गाव कृष्णेच्या काठावर, किल्ल्यासारखी बोट दाखवायला खूण नाही. नदीचा फोटो असेल तर आयर्विन पूल बघा. तो १९२९ चा, पूल नसेल तर त्याआधीचा किंवा दुसऱ्या बाजूचा. ‘सांगली स्टेशन’ म्हणून फोटो असेल तर सावध. रुंद रूळ (ब्रॉडगेज) पडल्यावर स्टेशन दुसरीकडे गेलं, गावातल्या जुन्या स्टेशनचं नाव आता चौकाला आणि रस्त्याला उरलंय. नव्या स्टेशनात उभं राहून जुना फोटो जुळवण्यात अर्थ नाही.

पेठेतल्या फोटोला मात्र यातलं काही लागू पडत नाही. तिथं जुनी माणसंच लागतात, आणि त्यांना विचारण्याची एक रीत आहे. “ही गणपती पेठ ना?” असं विचारलंत की उत्तर हो येतं. म्हाताऱ्या माणसाला तुमचं मन मोडायचं नसतं. लेबल झाका, काही सुचवू नका, फोटो हातात द्या आणि गप्प बसा. दोघांना विचारायचं असेल तर वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं गाव.

सांगलीत गावभागात माझे आतेभाऊ राहतात, वय ऐंशीच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी भिंग घेतलं, घरांकडे बघितलंच नाही. दुकानांच्या ओट्यांवरून भिंग फिरवत राहिले. मग म्हणाले, “पायऱ्या कुठायत?”

मी म्हटलं, कसल्या?

“चढायला. गिऱ्हाईक वर कसं चढणार? ओटा बघ की, बैलगाडीच्या साटीएवढा उंच आहे. हा माल उतरवायचा ओटा. इथं पावशेर-अर्धा शेर घेणारं गिऱ्हाईक येत नाही, पोत्यानं घेणारं येतं. ठोक बाजार आहे हा.” आणि भिंग खाली ठेवून, “गणपती पेठ असणार. दुसरीकडं एवढे ओटे ओळीनं नव्हते.”

मी काहीच सुचवलं नव्हतं. ‘द. सा’ सुद्धा सांगितलं नव्हतं.

घरांपेक्षा हद्दी बघा

पेठ कळली तरी नेमकी जागा उरतेच. इथं माझा जुना धंदा कामी आला, आणि ही युक्ती कुठल्याही गावात चालते.

घर पडतं, पुन्हा बांधतात, वर मजले चढतात, पुढची भिंत रस्ता रुंदीत जाते. पण दोन शेजाऱ्यांमधली हद्द सहसा हलत नाही. हलली तर दोन पिढ्या कोर्टात जातात. म्हणून आजची घरं फोटोशी जुळवू नका, तोंडांच्या रुंदीचा क्रम जुळवा. जुन्या माडीच्या घरात हे मोजायला सोपं, कारण खांब आणि खण (दोन खांबांमधली जागा) दिसतात. आमच्या फोटोत डाव्या बाजूला पाच खणांचं घर, मग तीन, मग पुन्हा तीन, मग बोळ, मग सात खणांचं मोठं दुकान. लांबची घरं फोटोत दबलेली दिसतात, त्यामुळे पट्टीनं मोजायचं नाही. रुंद, अरुंद, अरुंद, बोळ, खूप रुंद, एवढाच क्रम कागदावर लिहायचा.

मग नगर भूमापनाचा नकाशा. त्याची नक्कल अर्ज करून मिळते, आणि एखाद्या मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर कळला की मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड). पत्रिकेवर क्षेत्र आणि पूर्वीच्या धारकांची नावं असतात. फोटोतल्या पाटीवर अर्धवट आडनाव असेल तर ते तिथं पडताळता येतं. मात्र त्या नोंदी लोकांच्या मालमत्तेच्या आहेत, त्या ग्रुपवर टाकू नका.

आमचा क्रम पेठेत दोन ठिकाणी बसला. एका ठिकाणी बोळाच्या पलीकडची मिळकत दोन नंबरांत फोडलेली होती, पण दोन्ही मिळून रुंदी तेवढीच. दोन्हींत निवड करायला फोटोतला रस्ता पुन्हा पाहिला. सात खणांच्या दुकानानंतर तो किंचित डावीकडे वळतो आणि डाव्या ओळीतल्या तीन दारांची फक्त चौकटीची कड दिसते. नकाशात तसं वळण एकाच ठिकाणी होतं.

यानंतर जागेवर जाऊन उभं राहायचं, आधी नाही. उभं राहताना साधी गोष्ट करा: फोटोत एकामागे एक आलेल्या दोन वस्तू निवडा, जवळच्या भिंतीचा कोपरा आणि लांबच्या घराची कड, असं काही. त्या दोन्ही आजही असतील तर त्या पुन्हा एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. तुम्ही त्या रेषेवर आलात. अशी दुसरी जोडी मिळाली की जिथं दोन रेषा छेदतात तिथं कॅमेरा होता. साताऱ्यात दुसरी वस्तू म्हणून किल्ल्याच्या कड्यावरची एखादी खाच घेता येते, ती तर कुणी पाडणार नाही. आम्हाला एकच जोडी मिळाली, त्यामुळे रस्ता आणि बाजू नक्की, पण कॅमेरा चार पावलं पुढे होता की मागे, ते नाही.

मोबाइलमधला चित्रशोध मी शेवटी करून बघितला. त्यानं गुजरातेतल्या एका गावाचं नाव सांगितलं. त्याचा उपयोग जागा ओळखायला कमी, तोच फोटो आधी कुणी चांगल्या प्रतीत टाकलाय का ते बघायला जास्त.

वहिनींनी विचारलं, आता मामंजींचं लिहिलेलं खोडू का? मी नको म्हटलं. ते तसंच राहू द्या, तेही त्यांचंच आहे. खाली मऊ पेन्सिलीनं मी लिहिलं: ‘सांगली, गणपती पेठ. १९५७ ते १९६१. चहाची पाटी व मागचा शिक्का यांवरून. जागा नकाशावरून, कॅमेऱ्याचं ठिकाण अंदाजे.’ बॉलपेनचा दाब कागदाच्या दुसऱ्या बाजूला उमटतो, म्हणून पेन्सिल.

चौथ्या दिवशी तोच फोटो माझ्या मोबाइलवर परत आला. वहिनींच्या पुतण्यानं ग्रुपवर टाकला होता, तिथून कुणीतरी रंगीत केला होता. आकाश निळं, टांग्याचा घोडा तपकिरी, खांबावरच्या चहाच्या पाटीवर कुठल्याच लिपीत नसलेली पाच अक्षरं, आणि खाली ‘मोती चौक, १९३२’. मी मूळ स्कॅन डॉक्युमेंट म्हणून पाठवून दिला.